छोटे मातीचे धरण आणि त्याचा सुरक्षावर्ग

कॅडेट मित्रांनो, फायरिंग रेंजवर जाण्यापूर्वी दोन वेगवेगळ्या तपासण्या होतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. पहिली रायफलची: नळी स्वच्छ आहे का, बोल्ट नीट चालतो का, सेफ्टी कॅच बसतो का. दुसरी रेंजची: लक्ष्यामागचा मातीचा बांध पुरेसा आहे का, धोक्याच्या हद्दीत कोणी गुरे चारायला शिरले नाही ना, लाल झेंडा चढवला आहे का. रायफल उत्तम असली म्हणून समोरची हद्द मोकळी आहे असे होत नाही. आणि हद्द मोकळी आहे म्हणून रायफल निर्दोष ठरत नाही. उस्ताद दोन्ही प्रश्न वेगळे विचारतात आणि दोन्हींची वेगळी उत्तरे घेतात.

धरणाच्या सुरक्षेतही हेच दोन प्रश्न आहेत. धरणाची प्रकृती कशी आहे, हा एक. ते फुटलेच तर खाली कोण सापडेल, हा दुसरा. वर्तमानपत्रात ‘अमुक धरण उच्च धोक्याच्या वर्गात’ असे वाचले की बहुतेकांना वाटते, ते धरण मोडकळीला आले आहे. हा समज चुकीचा आहे. आणि ‘कमी धोक्याच्या वर्गातले’ म्हटले की लोक निर्धास्त होतात. हा समज चुकीचा तर आहेच, शिवाय अधिक घातक आहे. हे वर्ग कसे ठरतात, त्यांचा खरा अर्थ काय आणि ते बदलतात कसे, हे आजच्या पाठात एका अगदी साध्या प्रकारच्या धरणावरून समजून घेऊ. तो प्रकार म्हणजे पूर अडवण्यासाठी ओढ्यावर बांधलेले छोटे मातीचे धरण.

१. ही धरणे आली कुठून?

अशा धरणांची सर्वांत पद्धतशीर बांधणी अमेरिकेत झाली, आणि वर्गवारीचा धडाही तिथेच सर्वांत स्पष्ट दिसतो. म्हणून आपण तिथून सुरुवात करू.

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातून वॉशिटा नावाची नदी वाहते. एप्रिल १९३४ मध्ये तिला अचानक मोठा पूर आला आणि हॅमन गावाच्या परिसरात १७ माणसे दगावली. तो काळ या प्रदेशात दुष्काळाचा आणि धुळीच्या वादळांचा होता. नांगरून उघडी पडलेली जमीन पाऊस आला की पाणी धरून ठेवत नसे. पाणी आणि माती दोन्ही एकदम ओढ्यात येत. तेव्हा एक विचार पुढे आला: नदीवर खाली एक मोठे धरण बांधण्यापेक्षा वरच्या प्रत्येक ओढ्यावर छोटी धरणे बांधली तर? पाणी जिथे पडते त्याच्या जवळच अडवायचे आणि हळूहळू सोडायचे.

१९४४ च्या पूरनियंत्रण कायद्याने ११ नदीखोऱ्यांत हे काम करायला मंजुरी दिली. त्यांत वॉशिटा खोरे होते. १९४८ मध्ये ओक्लाहोमातील कॉर्डेल गावाजवळ क्लाउड क्रीक या ओढ्यावर या योजनेतले पहिले धरण उभे राहिले. १९५४ मध्ये आणखी एक कायदा झाला आणि हे काम देशभर पसरले. आज अमेरिकेच्या ४७ राज्यांत अशी ११,८०० हून अधिक धरणे आहेत. त्यांपैकी २,१०० हून अधिक एकट्या ओक्लाहोमात आहेत. बहुतेक खासगी शेतजमिनीवर आहेत. आराखडा आणि बांधणीचा पैसा केंद्र सरकारच्या मृदसंधारण खात्याने दिला. देखभालीची जबाबदारी मात्र स्थानिक संस्थांनी घेतली. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

२. धरणाचे भाग आणि त्यांचे काम

लांबून पाहिले तर हे धरण म्हणजे गवताने झाकलेला एक लांबट टेकाड वाटते. ना दरवाजे, ना यंत्रे, ना पहारेकरी. पण त्याचा प्रत्येक भाग विचारपूर्वक बांधलेला असतो.

भराव: थराथराने माती पसरून, योग्य ओल राखून, रोलरने दाबून केलेला बांध. आतल्या गाभ्यात पाणी सहज झिरपू न देणारी चिकण माती असते. बाहेरची माती त्या गाभ्याला आधार देते. भरावाखाली जमिनीत चर खणून तोही चिकण मातीने भरतात, म्हणजे पाणी पायाखालून वाट काढत नाही.

मुख्य सांडवा: जलाशयात काँक्रीटची एक उभी विहीर असते. तिच्या तोंडाशी पाणी पोहोचले की ते आत पडते आणि भरावाच्या तळातून जाणाऱ्या पाइपातून पलीकडे निघते. याला झडप चालवावी लागत नाही. पाणी चढले की ते आपोआप वाहते.

गाळाची जागा: विहिरीच्या तोंडाखालची जागा गाळासाठी राखलेली असते. तिथे सुरुवातीची काही वर्षे तळ्यासारखे पाणी राहते. ते गाळाने भरत जाणार, हे गृहीतच असते.

पुराची जागा: विहिरीच्या तोंडापासून वरचा सारा भाग एरवी रिकामा असतो. या धरणाचे खरे बळ या रिकाम्या जागेत आहे. पाटबंधाऱ्याचे धरण भरलेले असले की लोक खूश होतात. पूरनियंत्रणाचे धरण रिकामे असले तरच उपयोगाचे.

सहायक सांडवा: भरावाच्या एका टोकाला, मूळ जमिनीत खणलेला रुंद, गवताळ उतार. पुराची जागाही भरली तर जादा पाणी इथून भरावाला वळसा घालून निघून जाते. हा मार्ग वर्षानुवर्षे कोरडा राहतो, म्हणून लोकांना तो निरुपयोगी वाटतो. कोणी तिथे कुंपण घालतो, कोणी कडब्याची गंज रचतो. हीच मोठी चूक.

आता एक हिशेब करू. आकडे फक्त उदाहरणासाठी घेतले आहेत. समजा, धरणाच्या वरचे पाणलोट क्षेत्र ५ चौरस किलोमीटर आहे आणि एका वादळात १० सेंटिमीटर पाणी जमिनीवरून वाहून आले.

आलेले पाणी = ५०,००,००० चौरस मीटर × ०.१ मीटर = ५,००,००० घनमीटर.

धरण नसते आणि हे पाणी तीन तासांत, म्हणजे १०,८०० सेकंदांत ओढ्यातून गेले असते, तर सरासरी प्रवाह सेकंदाला सुमारे ४६ घनमीटर झाला असता. धरण असताना पाइपातून सेकंदाला १ घनमीटर पाणी सुटते असे धरा. दिवसाला ८६,४०० घनमीटर. म्हणजे तेच पाणी जवळपास सहा दिवस हळूहळू वाहत राहील. खालच्या पुलाखालून ४६ ऐवजी १. पाणी तेवढेच आले, फक्त त्याला वेळ दिला. अशा धरणांच्या आराखड्यात पुराची जागा साधारण दहा दिवसांत रिकामी व्हावी असा दंडक असतो, कारण पुढचे वादळ थांबून राहत नाही.

३. मातीचे धरण फुटते कसे?

मुख्य कारणे तीन.

पहिले, पाणी माथ्यावरून वाहणे. काँक्रीटच्या धरणावरून पाणी गेले तर ते बराच वेळ तग धरू शकते. मातीच्या भरावावरून गेलेले पाणी मात्र बाहेरचा उतार खरवडत जाते आणि काही वेळातच भगदाड पडते. सहायक सांडवा मोकळा ठेवायचा तो यासाठी.

दुसरे, आतून झिरपणारे पाणी. थोडा झिरपा प्रत्येक मातीच्या धरणात असतो. तो स्वच्छ असेल तर चिंता कमी. पण बाहेर येणारे पाणी गढूळ झाले, तर ते सोबत भरावातली माती आणत आहे, म्हणजे आत पोकळी वाढते आहे. भरावातून जाणारा पाइप ही याची आवडती जागा, कारण पाइपाच्या कडेला माती नीट दाबून बसवणे अवघड असते. झाडांची मुळे आणि उंदीर-घुशींची बिळेही पाण्याला अशीच वाट करून देतात.

तिसरे, उतार घसरणे. भराव भिजून मऊ झाला किंवा जलाशयातले पाणी फार वेगाने उतरले, तर बांधाचा एक तुकडा खाली सरकतो.

४. वर्ग ठरतो कसा?

आता मुख्य मुद्दा. अमेरिकेत धरणांचे तीन वर्ग मानतात: कमी धोका, लक्षणीय धोका आणि उच्च धोका. मृदसंधारण खात्याच्या जुन्या कागदपत्रांत यांनाच इंग्रजी मुळाक्षरांनी ए, बी आणि सी म्हणत. आपण सोयीसाठी अ, ब, क म्हणू.

अ, कमी धोका: फुटले तर मनुष्यहानी संभवत नाही. नुकसान शेतजमीन, गोठे, गावरस्ते एवढ्यापुरते.

ब, लक्षणीय धोका: मनुष्यहानी संभवत नाही, पण महत्त्वाचा रस्ता, रेल्वेचा फाटा, वीज किंवा पाण्याची सोय यांचे मोठे नुकसान होईल.

क, उच्च धोका: फुटले तर माणसे दगावण्याचा संभव आहे. शेकडो माणसेच असली पाहिजेत असे नाही. एक जीव पुरेसा आहे.

हे ठरवताना अभियंते एक विचित्र वाटणारी गोष्ट करतात. ते धरण फुटेल की नाही, हे विचारतच नाहीत. ते फुटले असे धरून चालतात. कागदावर भगदाड पाडायचे, किती पाणी किती वेगाने सुटेल ते मोजायचे आणि ती लाट नकाशावर ओढ्याच्या काठाने खाली न्यायची. कुठल्या घरापाशी किती खोली, किती वेग? रस्ता कुठे बुडतो? लाट पसरून निरुपद्रवी होईपर्यंत हा हिशेब चालतो. मुसळधार पावसात फुटल्यास काय होईल हे पाहतात. निरभ्र दिवशी, कोणी सावध नसताना फुटल्यास काय, हेही पाहतात.

म्हणून वर्ग सांगतो तो धरणाखालच्या वस्तीबद्दल. धरणाच्या मजबुतीबद्दल तो काहीच सांगत नाही. लोकांच्या बोलण्यात ‘सुरक्षावर्ग’ असा शब्द रुळला असला तरी ‘धोकावर्ग’ हा अधिक खरा शब्द आहे.

मजबुतीचे उत्तर वेगळ्या तपासणीतून येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय धरणसूचीत त्यासाठी चार शेरे आहेत: समाधानकारक, बरी, खराब आणि असमाधानकारक. यांतला शेवटचा सर्वांत वाईट, त्यात तातडीची कारवाई लागते. आता दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून पाहा.

उच्च धोका, समाधानकारक प्रकृती: धरण ठीक आहे, पण खाली माणसे आहेत. पहारा ढिला करू नका.

कमी धोका, खराब प्रकृती: धरण दुरुस्त करा, पण फुटले तरी आज जीव जाण्याचा संभव नाही.

उच्च धोका, खराब प्रकृती: इथे एक दिवसही दवडू नये.

वर्गाचा परिणाम आराखड्यावरही होतो. उच्च धोक्याच्या धरणाचा सांडवा त्या भागात पडू शकेल अशा कमाल संभाव्य पावसाचे पाणी सुखरूप बाहेर काढेल इतका मोठा असावा लागतो. कमी धोक्याच्या धरणाला त्याहून बराच लहान सांडवा चालतो. हे योग्यच आहे, कारण प्रत्येक शेततळ्याला किल्ल्याएवढा खर्च कोणताच देश करू शकत नाही. पण त्यातूनच पुढची अडचण निर्माण होते.

५. धरण जागेवरच, वर्ग मात्र बदलला

कल्पना करा, एका ओढ्यावर धरण बांधले तेव्हा खाली फक्त गव्हाची शेते होती. वर्ग अ. सांडवा त्या हिशेबाने केला. पूर येईनासे झाले. ओढ्याकाठची जमीन सुरक्षित आणि स्वस्त वाटू लागली. शहर वाढत आले आणि तिथे घरे उठली, मग शाळा, मग दुकाने. धरणाचे एक ढेकूळही हलले नाही, पण आता ते क वर्गात गेले. त्याचा सांडवा मात्र अजून अ वर्गाचाच आहे.

हे केवळ उदाहरण नाही. अमेरिकेच्या अनेक राज्यांत शेकडो छोट्या धरणांच्या बाबतीत हे झाले. यातली सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट ही की, धरणाने आपले काम चोख केले म्हणून खाली वस्ती आली. नवीन घर घेणाऱ्याला वरच्या वळणामागे धरण आहे हे अनेकदा माहीतही नसते. गवताचे टेकाड पाहून धरणाची शंका कोणाला यावी?

त्यात वयाची भर पडली. यांतली बरीच धरणे ५० वर्षांच्या आयुष्याचा हिशेब धरून बांधली होती. लोखंडी पाइप गंजले, गाळाची जागा भरत आली. २००० मध्ये तिथे पुनर्बांधणीसाठी वेगळा कायदा करावा लागला. त्यात खर्चाचा ६५ टक्के वाटा केंद्र सरकारचा आणि उरलेला स्थानिक संस्थेचा. देखभाल स्थानिकांकडे होती, हे आठवते ना? खेड्यातल्या छोट्या संस्थेला उरलेला ३५ टक्केही जड जातो, म्हणून कामे रेंगाळतात.

वर्ग बदलल्यावर करायचे काय? मार्ग चार. भराव उंच करणे, सांडवा रुंद किंवा काँक्रीटचा करणे, धोक्याच्या पट्ट्यातली घरे विकत घेऊन हलवणे, किंवा धरणच पद्धतशीर काढून टाकणे. पाचवा आणि सर्वांत स्वस्त मार्ग आधीचा आहे: तो पट्टा पहिल्यापासून मोकळा ठेवणे. रेंजच्या हद्दीत घर बांधू देत नाहीत, तसेच.

६. सैन्याच्या अभियंत्यांनी केलेली पाहणी

छोट्या धरणाकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते, याचे एक उदाहरण अमेरिकेतच जॉर्जिया राज्यात घडले. केली बार्न्स हे धरण पूरनियंत्रणाचे नव्हते. वीजनिर्मितीसाठी बांधलेले आणि नंतर मातीने वाढवत नेलेले ते जुने खासगी धरण होते. उंची सुमारे १२ मीटर. वीज बनवणे १९५७ मध्ये बंद झाले होते, तळे तसेच राहिले. त्याच्या खाली, टोकोआ फॉल्स येथे एक महाविद्यालय होते. ६ नोव्हेंबर १९७७ च्या रात्री दीडच्या सुमारास, मोठ्या पावसानंतर, ते फुटले. पुढच्या पाहणीत लाटेचा सर्वोच्च प्रवाह सेकंदाला सुमारे ६८० घनमीटर असल्याचा अंदाज निघाला. मघाशी आपण जो ४६ घनमीटरचा पूर काढला, त्याच्या जवळपास पंधरा पट. झोपेत असलेली ३९ माणसे गेली.

देशातल्या धरणांची यादी आणि तपासणी करण्याचा कायदा तिथे १९७२ मध्येच झाला होता. काम अमेरिकी सैन्याच्या अभियंता दलाकडे सोपवले होते. यादी झाली, पण तपासणीला पैसा मिळाला नव्हता. टोकोआ फॉल्सनंतर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी तपासणीचा आदेश दिला. पुढच्या चार वर्षांत सैन्याच्या अभियंत्यांनी सुमारे ८,८०० धरणे पाहिली. ती मुख्यतः उच्च धोक्याच्या वर्गातली होती. त्यांतली जवळजवळ एकतृतीयांश असुरक्षित निघाली, आणि सर्वांत मोठा दोष होता अपुरा सांडवा.

एवढी धरणे एकदम पाहणे अशक्य होते. मग सुरुवात कुठून करायची, हे कोणी सांगितले? वर्गाने. वर्गाचे खरे काम हेच. माणसे, पैसा आणि वेळ कमी असताना आधी कुठे जायचे, हे तो सांगतो. युद्धभूमीवरच्या डॉक्टरालाही जखमींची अशीच क्रमवारी लावावी लागते.

७. आपल्या देशात

आपल्याकडे ही वर्गवारी दोन टप्प्यांत आली. १९८५ च्या भारतीय मानकात, आयएस ११२२३ मध्ये, धरणाचा वर्ग आकारावरून ठरतो. साठा ५ लाख ते १ कोटी घनमीटर किंवा पाण्याची उंची ७.५ ते १२ मीटर असेल तर धरण लहान, आणि त्याचा सांडवा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हिशेबाने करायचा. त्याहून मोठ्यांसाठी अधिक कडक पूर धरायचा. खाली धोका जास्त असेल तर आकार लहान असूनही मोठा पूर धरण्याची मुभा या मानकात आहे.

दुसरा टप्पा म्हणजे धरण सुरक्षा कायदा, २०२१. १५ मीटरहून उंच सर्व धरणे, आणि १० ते १५ मीटर उंचीची काही अटींत बसणारी धरणे या कायद्याखाली येतात. १० लाख घनमीटर साठा किंवा ५०० मीटर लांबी, या त्या अटींपैकी दोन. धोक्यानुसार वर्गवारी, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाहणी, आणि आणीबाणीचा आराखडा या गोष्टी या कायद्याने बंधनकारक केल्या. पण १० मीटरपेक्षा कमी उंचीचे गावतळे किंवा पाझर तलाव या व्याख्येत बसत नाही. म्हणजे सर्वांत छोट्या बांधांकडे लक्ष देण्याची जबाबदारी बरीचशी स्थानिक यंत्रणेवर आणि गावावर राहते.

आपल्याकडे तपासणीनंतरचे शेरेही आकड्यांत असतात: श्रेणी १ म्हणजे धरण फुटण्याइतके गंभीर दोष, श्रेणी २ म्हणजे लवकर दुरुस्ती लागणारे मोठे दोष, श्रेणी ३ म्हणजे किरकोळ दोष किंवा दोष नाहीत. बातमीत ‘पहिल्या श्रेणीतले धरण’ असे वाचून ते उत्तम असेल असे समजू नका. शिवाय ही श्रेणी प्रकृतीची आहे, धोक्याचा वर्ग वेगळा.

महाराष्ट्रातल्या वाचकांना २ जुलै २०१९ ची रात्र आठवत असेल. रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात तिवरे येथील मातीचे छोटे धरण मुसळधार पावसात फुटले. खालच्या वाडीतली वीसहून अधिक माणसे गेली. गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधी तक्रारी केल्याचे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. देशाच्या धरणांच्या यादीत तिवरे अगदी छोटे. त्या वाडीसाठी मात्र दुसरे कुठलेही धरण एवढे मोठे नव्हते.

आणि १२ जुलै १९६१ चे पानशेत तर पुणेकर विसरलेले नाहीत. ते धरण छोटे नव्हते, पण दोष तोच, आपण वर पाहिलेला. बांधकाम पुरे होण्याआधी पाणी भरले, भरावातून जाणाऱ्या मोरीचे काम अपुरे होते, आणि तिच्या वरचा भराव खचू लागला. सैन्याचे जवान रात्रभर वाळूची पोती रचत राहिले. सकाळी धरण फुटलेच, आणि त्या लोंढ्याने पुढे आजच्या एनडीएशेजारचे खडकवासला धरणही फुटले. पण जवानांनी मिळवलेल्या तासांमुळे पुण्यात पाणी मध्यरात्री न येता दिवसाउजेडी आले. टोकोआ फॉल्सच्या रात्री लोक झोपेत होते. मिळवलेल्या तासांची किंमत या एका फरकात कळते.

८. कॅडेटने काय पाहावे?

तुम्ही देशाच्या वेगवेगळ्या राज्यांतून आला आहात. सुट्टीत घरी जाल तेव्हा गावाच्या वरच्या अंगाला असा एखादा बांध नक्की असेल. पालकांपैकी किंवा गावातल्या मोठ्यांपैकी कोणाला सोबत घेऊन तो पाहा. पाण्यात उतरू नका आणि पावसात भरावावर जाऊ नका.

भरावाच्या पायथ्याशी ओल किंवा झिरपा आहे का? पाणी स्वच्छ आहे की गढूळ?

माथ्यावर लांब तडा किंवा खचलेली जागा आहे का?

उतारावर मोठी झाडे किंवा बिळे आहेत का?

सांडव्यात झुडपे, माती, कुंपण किंवा बांधकाम आहे का?

आणि मग पाठ फिरवून खाली पाहा. ओढ्याकाठी गेल्या काही वर्षांत नवीन काय उभे राहिले?

पहिले चार प्रश्न रायफलचे, पाचवा रेंजचा. गढूळ झिरपा किंवा नवा तडा दिसला तर ग्रामपंचायत, तहसील कार्यालय किंवा पाटबंधारे खात्याला त्याच दिवशी कळवावे. आणीबाणीत ११२ किंवा जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हा क्रमांक वापरावा.

एक शेवटचा हिशेब. लाट सेकंदाला ३ मीटर वेगाने येते असे धरले, तर २ किलोमीटरवरच्या वाडीत ती ६६७ सेकंदांत, म्हणजे अवघ्या ११ मिनिटांत पोहोचेल. तेवढ्या वेळात सभा घेऊन निर्णय होत नाही. कोणी कोणाला उठवायचे आणि कुठल्या उंचवट्यावर जायचे, हे आधीच ठरलेले हवे. ओढ्याच्या दिशेने खाली धावू नये. ओढा सोडून बाजूला आणि वर जावे.

स्वाध्याय

१. ‘उच्च धोक्याच्या वर्गातले धरण कमकुवत असते.’ हे विधान चूक का, ते पाच ओळींत लिहा.

२. पाणलोट क्षेत्र ८ चौरस किलोमीटर, वाहून आलेले पाणी ६ सेंटिमीटर आणि पाइपाचा प्रवाह सेकंदाला १.५ घनमीटर असेल, तर पुराची जागा रिकामी व्हायला साधारण किती दिवस लागतील?

३. १:५०,००० च्या टोपोशीटवर एखादा छोटा बांध शोधा. समोच्च रेषा वाचून त्याच्या खालच्या ३ किलोमीटरमधील वस्त्या, रस्ते आणि पूल यांची यादी करा. तुमच्या मते तो कोणत्या वर्गात बसेल? कारण द्या.

४. त्याच नकाशावर प्रत्येक वस्तीसाठी सर्वांत जवळचा सुरक्षित उंचवटा आणि तिथे जाण्याची वाट दाखवा. ती वाट ओढा ओलांडत असेल तर दुसरी शोधा.

५. नकाशा कोणत्या वर्षीच्या पाहणीवर आधारलेला आहे, ते त्याच्या समासात पाहा. त्यानंतर तिथे नवीन वस्ती आली असेल, तर तुमचे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बदलते का?